लग्नाचा खर्च आणि लग्नाचा धनी

लग्नाच्या खर्चावर बोलावयास उभा राहणारा मनुष्य बहुधा उपदेशकाच्या सुरात बोलतो. ऋण काढून सण करू नये, अंथरूण पाहून पाय पसरावे, हे त्याने सांगावयाचे, श्रोत्यांनी माना डोलवावयाच्या आणि पुढच्या वैशाखात पुन्हा कर्ज काढावयाचे, असा हा दीडशे वर्षांचा परिपाठ आहे. आम्ही आज तो सूर लावणार नाही. कामगारांच्या संघटनेत आमची तीस वर्षे गेली. पतपेढीच्या अर्जावर ‘कारण’ या रकान्यात ‘मुलीचे लग्न’ हे दोन शब्द आम्ही इतक्या वेळा वाचले आहेत की, ते लिहिणाऱ्याला शहाणपण शिकविण्याची आम्हांला हिंमत होत नाही. थोडक्यात लग्न करणारी माणसे आमच्या इतिहासात होऊन गेली. त्यांनी ते कसे केले, आणि ते लग्न उणे किंवा परके न वाटता अधिकच आपले का वाटले, एवढाच प्रश्न आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. शहरात ज्ञानाचे सत्र आणि चाळीस मैलांवर कर्जरोख्यांची होळी, असा तो उन्हाळा होता. दंगे अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. सरकारने चौकशीला कमिशन नेमले व त्यातून पुढे १८७९ चा शेतकरी साहाय्याचा कायदा आला. हा सारा इतिहास आपण ऐकला असेल. पण त्या कमिशनच्या अहवालातील एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. कुणबी लग्नात पैसा उधळतो म्हणून कर्जबाजारी होतो, ही त्या काळी साहेबांची आणि सुशिक्षितांचीही ठाम समजूत होती. कमिशनने आकडे पाहिले आणि उलट मत दिले. या खर्चाला नाहक महत्त्व दिले गेले आहे, असे त्याने लिहिले. ऐपतीच्या मानाने खर्च जास्त खरा, परंतु लग्न काही दरवर्षी येत नाही. वर्षांवर वाटून पाहिले तर आयुष्यातल्या आनंदापोटी गरीब माणसाने इतके खर्चणे गैरवाजवी ठरत नाही, असा त्याचा आशय होता. सरकारी कागदात इतकी माणुसकी क्वचित सापडते, म्हणून आम्ही ती मुद्दाम सांगतो.

मग स्वस्तातल्या लग्नाची चळवळ निघाली कशासाठी? ती दंग्यांच्या आधीच निघालेली होती, आणि तिचा हेतू केवळ काटकसरीचा नव्हता. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा निंबणकर यांचे लग्न भटजीवाचून लागले. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला. खर्च म्हणावा तर पानसुपारीचा, असे सांगतात. पुढल्या वर्षी ग्यानोबा ससाणे यांचे लग्न ठरले तेव्हा विरोध इतका पेटला की, ते पोलिसांच्या बंदोबस्तात लावावे लागले. पानसुपारीच्या लग्नाला पोलिस कशाला लागावे? खर्च वाचला म्हणून कोणी चिडत नाही. लग्न लावण्याचा अधिकार हातचा गेला म्हणून माणसे चिडली.

येथे जोतीरावांचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जन्मापासून मरणापर्यंत दक्षिणेच्या वाटेने शेतकऱ्याच्या घरातून काय काय बाहेर जाते, त्याचा त्यांनी पाढा वाचला आहे. पण तेवढ्यावर ते थांबत नाहीत. सारा, कोर्टकचेऱ्या, अंमलदारांचा जाच यांचीही झडती ते घेतात. शेतकऱ्याला उधळ्या ठरवून मोकळे होण्याची वाट त्यांनी धरली नाही. लग्नातला खर्च त्यांनी छाटला तो मधल्या माणसाचा. शेजारी, सोयरे, गाणे, हळद यांच्यावर त्यांचा राग नव्हता.

आणि रिकाम्या जागी त्यांनी काय ठेवले? १८८७ साली त्यांनी सत्यशोधक पद्धतीचा पूजाविधी मंगलाष्टकांसह प्रसिद्ध केला. ही मंगलाष्टके मराठीत आहेत आणि त्यांत वधूवर एकमेकांशी बोलतात. स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, त्यांचे हक्क देशील काय, असे वधू भर मांडवात विचारते, आणि ते देण्याचे वचन वर सर्वांच्या देखत देतो. आजवर वधूच्या डोक्यावरून जे संस्कृत जात होते त्याच्या जागी तिचा स्वतःचा प्रश्न आला. आमच्या मते या चळवळीचे मर्म येथे आहे. हे बोलणे कोणाला विकत घ्यावे लागत नाही, आणि ते दुसऱ्याच्या लग्नातून उसनेही आणता येत नाही.

४ फेब्रुवारी १८८९ रोजी जोतीरावांचा दत्तक मुलगा यशवंत याचे लग्न झाले. वधू राधा ही त्याच ग्यानोबा ससाण्यांची मुलगी. लग्नाआधीच सावित्रीबाईंनी तिला आपल्या घरी राहावयास आणले. घराची, माणसांची ओळख व्हावी आणि तिचा अभ्यासही चालावा, हा हेतू. विहिणीच्या मानपानावर रुसवेफुगवे होणाऱ्या त्या काळात सासूने सुनेसाठी केलेली ही तयारी होती. तिला किती रुपये लागले असतील?

हे सारे सुखासुखी झाले नाही. जुन्नर तालुक्यातल्या ओतूर गावी बाळाजी कुसाजी पाटील यांनी १८८४ मध्ये जोश्याला न बोलावता लग्न उरकले, तेव्हा वतनदार जोश्यांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा लावला. तो मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्याला बोलावले नाही त्यालाही दक्षिणा पोचलीच पाहिजे, हे ओझे कायद्याने उतरावयास १९२६ साल उजाडावे लागले. मुंबईच्या कायदेमंडळात ते विधेयक रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी आणले होते. हेच बोले १९०९ साली निघालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांपैकी एक. लग्नातली दक्षिणा आणि गिरणीतला पगार हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या पदरी पडावेत, यात आम्हांला काहीच नवल वाटत नाही.

याची सुरुवात त्याच्याही आधी झाली होती. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक. १८८० पासून ‘दीनबंधु’ त्यांनी मुंबईत चालविला, १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली, आणि १८९० मध्ये ती मालकांना मान्य करावी लागली. आता आम्हांला असे वाटते की, ज्याला आठवड्यात एक दिवसही स्वतःचा नाही त्याच्या घरच्या लग्नाला शेजारी येणार कधी आणि मांडव घालणार कधी? वेळ नसला की सगळे विकत घ्यावे लागते. शेजाऱ्यांच्या हातांनी होणाऱ्या लग्नाला आधी सुटी लागते, हे स्वस्त लग्नाचा उपदेश करणारे विसरतात.

गिरणगावात कर्जाचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै निघाली. किमान ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती, आणि कर्ज अडीच महिन्यांच्या कमाईइतके. व्याजाचा नेहमीचा दर दरमहा रुपयास एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलो नाही, हे आकडे वाचनालयात बसूनच शिकलो. पण हिशेब साधा आहे. १३० रुपये कर्जावर महिन्याचे व्याज आठ रुपये दोन आणे. मिळकतीच्या दर रुपयातले अडीच आणे पठाणाच्या किंवा मुकादमाच्या हाती, आणि मुद्दल जागच्या जागी.

पुढे १९२९ साली रॉयल कमिशन आले. १९३१ च्या आपल्या अहवालात त्याने म्हटले की, बहुतेक औद्योगिक गावांत दोनतृतीयांशाहून कमी कुटुंबे कर्जबाजारी नसावीत, आणि कर्जाच्या कारणांत पहिले स्थान सणसमारंभांना, विशेषतः लग्नांना द्यावे लागेल. १८७५ च्या दंग्यांचे कमिशन एक सांगते, हे दुसरेच सांगते! आमचा कौल पहिल्याकडे आहे. लग्न हे कर्जाचे निमित्त खरे. पण ज्या गिरणीत महिन्याचा पगार पुढल्या महिन्याचा दुसरा आठवडा उलटता उलटता हाती पडे, तेथे नवा कामगार पहिले सहा आठवडे खानावळीच्या आणि वाण्याच्या उधारीवरच काढी. लग्नाच्या आधी कर्ज घरात येऊन बसलेले असे. लग्न तेवढे त्याच्या नावावर लिहिले जाई.

तरीही त्या माणसांची लग्ने झाली, आणि कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. पुष्कळांची गावीच होत. वैशाखात गिरण्यांत गैरहजेरी वाढे, साच्यावर बदली कामगार उभे राहत, त्याचे हे एक कारण होते. जी मुंबईत होत ती चाळीच्या पटांगणात नाहीतर गच्चीवर. गावोगावच्या मंडळांच्या खोल्या लालबाग-परळात असत. तेथे दहा बाय बाराच्या जागेत आळीपाळीने माणसे झोपत आणि पोटमाळ्यावर मंडळाची मोठी पातेली, पराती, घमेली, सतरंज्या ठेवलेल्या असत. मंडळाच्या सभासदाकडे लग्न निघाले की ती भांडी जात, आणि घासून, मोजून परत येत. झारा हरवला तर त्यावरून सभेत तासभर वाद होई. हळद बायका आपसांत दळत, गाणी त्यांचीच, रुखवत मुलीच्या मैत्रिणी मांडीत. वरच्या मजल्यावरचा एखादा शिंपी असे, तो झालरी शिवी. पंगतीत वाढावयास चाळीतली पोरे. अशा पंगतीत कोणी परका नोकर वावरत नसे, म्हणून जेवणारा आणि वाढणारा एकमेकाला नावाने हाक मारीत.

आहेराची वही हा तर अभ्यासाचा विषय आहे. कोणी किती रुपये, कोणते पातळ, कोणते भांडे दिले ते त्यात लिहून ठेवीत, आणि त्या घरी लग्न निघाले की वही उघडून तितके, जमल्यास रुपयाने अधिक, परत करीत. ही बिनव्याजी पतपेढीच होती. एकीकडे आण्याचा दर आणि दुसरीकडे शून्य! अलीकडे पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापण्याची रीत पडली आहे. ती सभ्यपणाची आहे, हे खरे. परंतु ज्याच्या घरी आणखी दोन मुली लग्नाच्या आहेत त्याने ती आंधळेपणाने उचलली तर वही बंद पडते, आणि तिच्याऐवजी फायनान्स कंपनीचा हप्ता येतो. वहीत जाचही होता, हे आम्ही नाकारीत नाही. कमी आहेर करणाऱ्याला टोमणे बसत. पण टोमण्यावर व्याज चढत नाही.

हुंड्याबद्दल येथे विस्ताराने बोलत नाही. १९६१ च्या कायद्याने तो गुन्हा ठरविला, आणि तो देऊन केलेले कोणतेही लग्न साधे नव्हे, मग पंगतीत नुसता चहा का असेना. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणीची वाट अधिक मोकळी झाली, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध समाजाने थोडक्या वेळात, आपल्या भाषेत होणारा विधी घरोघर रुजविला. सत्यशोधकांनी जे पेरले ते या दोन वाटांनी पुष्कळ दूर गेले.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, चाळी गेल्या, पटांगणेही गेली. जागा नाही म्हणून कार्यालय घ्यावे लागते. कार्यालय घेतले की त्यांचाच आचारी, त्यांचीच सजावट, त्यांचीच वेळ. भटजीला वगळून जोतीरावांनी जो मधला माणूस काढला, त्याच्या जागी आता पाच मधली माणसे आली आहेत. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत, सात वर्षे सभासद असलेल्या कामगाराला आपल्या वर्गणीच्या निम्म्यापर्यंत रक्कम लग्नासाठी काढण्याची मुभा पुष्कळ वर्षे होती. म्हातारपणाची शिदोरी सजावटवाल्याच्या खिशात जाताना आम्ही कित्येकदा पाहिली आहे. २१ एप्रिल २०२१ च्या सरकारी आदेशाने, महामारीमुळे, लग्नाला २५ माणसे, दोन तास आणि नियम मोडल्यास ५० हजार रुपये दंड असे बंधन आले. लग्ने स्वस्तात लागली. पण तो साधेपणा कोणाला आपला वाटला नाही. बंधन उठताच माणसे दुपटीने कार्यालयांकडे धावली. हुकमाने आलेली काटकसर हुकमाबरोबर गेली, आणि ते साहजिकच होते.

आमच्या संघटनेच्या कचेरीत अधूनमधून लग्ने लागतात. मागे एक जोडपे आले. तो कारखान्यात यंत्रावर, ती रुग्णालयात परिचारिका. दोघांच्याही कामाच्या पाळ्या, म्हणून मुहूर्त दोघांच्या सुटीचा. आम्ही त्यांना जुन्या सत्यशोधक विधीवरून तयार केलेला शपथेचा कागद दिला. मुलीने तो तेथेच बसून वाचला, पेन मागितले आणि दोन ओळी वाढविल्या. एक, रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाक त्याने करावयाचा. दुसरी, तिच्या आईला महिन्याला जे पैसे ती देते त्याबद्दल त्याने कधी विचारावयाचे नाही. मुलाने कागद हाती घेऊन थोडा वेळ विचार केला. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. मागल्या बाकावरून त्याच्या आईने विचारले, “आणि दिवसपाळीच्या दिवशी?” सारे हसले, आणि त्यावरही तेथेच चर्चा होऊन तिसरी ओळ लिहिली गेली. सतरंज्या शेजारच्या मंडळाच्या होत्या. त्या मोजून परत करावयाच्या होत्या, म्हणून जेवणे झाल्यावर वरपिताच त्या घड्या घालीत बसला होता.