वचनातील तारणारा

१२. ख्रिस्ती श्रद्धेनुसार आदाम व हव्वा यांच्या पतनानंतर देवाने सर्पाला, म्हणजेच सैतानाला, शाप दिला आणि स्त्रीची संतती त्याचे डोके ठेचील असे वचन दिले (उत्पत्ती ३:१५). तारणाऱ्याविषयीचे हे पहिले वचन मानतात. पुढे यहुदी संदेष्ट्यांनी ज्याची वाट पाहायला शिकवले तो दावीदवंशी मशीहा म्हणजे येशू, असे ख्रिस्ती मानतात. यहुद्यांना ते मान्य नाही. ख्रिस्ती श्रद्धेत सैतानावरील हा विजय शस्त्राचा नव्हे. येशूचे क्रूसावरील मरण आणि पुनरुत्थान यांनी पाप व मृत्यू यांची सत्ता मोडली, सैतानाचा अंतिम पराभव मात्र येशूच्या पुनरागमनाशी जोडलेला आहे (प्रकटीकरण २०). फादर थॉमस स्टीफन्स (सुमारे १५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने ही सारी कथा मराठी ओवीत आणली. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे रोमी लिपीत छापले गेले. परभाषिकाने ओवीवर मिळवलेली ही पकड आजही थक्क करते. ग्रंथातील ‘पहिले पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंत जाते. ‘दुसरे पुराण’ येशूचे चरित्र सांगते.