एका तारेवरचे चौघे

डिसेंबर 1971. तुम्ही कुर्ला स्टेशनात आहात आणि युद्धामुळे मुंबईत ब्लॅकआउट आहे. घरांच्या काचांना काळे कागद चिकटवलेत. बोलणारी माणसंही आवाज खाली ठेवूनच बोलताहेत. तुम्ही लोकलच्या शेवटच्या डब्यात, गार्डच्या केबिनमध्ये उभे आहात. फलाटावरचा शेवटचा माणूस चढतो. गार्ड दोनदा बटण दाबतो, गाडीच्या दुसऱ्या टोकाला मोटरमनच्या कानाशी दोन टोले पडतात आणि गाडी हलते. मोटरमनला गार्ड दिसत नाही, गार्डला मोटरमन दिसत नाही. डब्याडब्यांतून गेलेली एक तार आहे, आणि तिच्यावरचा विश्वास आहे.

तो विश्वास सोबत घ्या आणि काही आठवडे मागे, नगरला चला.

आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल 1948 पासून इथेच आहे. नव्या अधिकाऱ्यांचा कोर्स चालू आहे. त्यांच्यात एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आहेत. जन्म पुण्याचा, जूनमध्येच 17 पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये कमिशन मिळालंय. तुम्ही सेंच्युरियन रणगाड्यावर चढता आणि झाकणातून आत उतरता. सुमारे पन्नास टनांचं हे धूड. मीटिअर इंजिन सुरू होतं आणि तुमची हाक तुम्हालाच ऐकू येईनाशी होते. शेजारच्या माणसाचे फक्त ओठ हलताना दिसतात.

हेडसेट चढवा, पिन खोचा. आता कानात माणसं आहेत. वर कमांडर, त्याच्या पुढ्यात गनर, तोफेच्या पलीकडे गोळा भरणारा. वायरलेसही तोच सांभाळतो. हे तिघे तोफेच्या फिरत्या बुरुजात. चौथा, म्हणजे चालक, बुरुजात नाहीच. तो खाली, पुढे, वेगळ्या कोनाड्यात बसलाय. चौघांना जोडतो तो इंटरकॉम. वायरलेस बाहेरच्या जगासाठी, इंटरकॉम आतल्या चौघांसाठी.

आता डोकं चालवा. बुरुज पूर्ण गोल फिरतो, चालकाची जागा फिरत नाही. मग दोघांमधली तार पीळ बसून तुटत का नाही? उत्तर तुमच्या पायाखाली आहे. बुरुजाच्या तळाशी मधोमध धातूची गोल कडी आहेत आणि त्यांना घासत राहणारे संपर्क. बुरुज कितीही फिरला तरी आवाज कड्यांवरून खाली उतरतो. हेडसेटच्या तारेतला जोडही मुद्दाम सैल ठेवलेला. आग लागून उडी मारावी लागली, तर झटक्यासरशी तो सुटतो. माणसाला अडकवणारी तार इथे कामाची नाही.

खाली उतरून मागे या. चिलखतावर एक डबा आहे. उघडलात तर आत टेलिफोनचा रिसीव्हर. सोबतच्या पायदळातल्या जवानाने तो उचलायचा आणि झाकणं लावून बसलेल्या कमांडरला सांगायचं, की मशीनगन त्या बांधामागे आहे. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यावर चढून ओरडताना पायदळातली माणसं गोळ्या खात. हा डबा त्या अनुभवातून आला.

3 डिसेंबरला भारत-पाकिस्तान युद्ध सुरू होतं. कोर्स थांबतो आणि खेत्रपाल रेजिमेंटकडे धाव घेतात.

16 डिसेंबरची सकाळ. पाकिस्तानातल्या शकरगड भागात बसंतर नदीपलीकडचं जरपाल. रात्री पूना हॉर्सचे रणगाडे सुरुंगांच्या पट्ट्यातून, वाट पुरती साफ व्हायची वाट न बघता, पुढे आलेत. आठच्या सुमारास धुराच्या पडद्यामागून पाकिस्तानचे पॅटन रणगाडे येतात. वायरलेसवर कुमक मागितली जाते आणि खेत्रपाल आपला ‘फॅमागुस्टा’ नावाचा सेंच्युरियन घेऊन निघतात. तुम्हीही आत आहात. धुरात लक्ष्य आधी कमांडरला दिसतं. बुरुज कुठे वळवायचा, गोळा कुठला, अंतर किती, हे सगळं त्या तारेतून जायचं. ‘लोडेड’ तारेतून, ‘ऑन’ तारेतून, ‘फायर’ही तारेतूनच. एक शब्द निसटला तर समोरचा आधी गोळा सोडेल.

फॅमागुस्टाला गोळा लागतो, आग लागते. वायरलेसवर हुकूम येतो, रणगाडा सोडा. खेत्रपाल कळवतात की रणगाडा सोडणार नाही, तोफ अजून चालते आहे. आणि वायरलेस बंद करतात.

इथे थांबून नीट विचार करा. वायरलेस बंद झाला म्हणजे बाहेरचं जग तुटलं. आतली तोफ मात्र एकट्याने चालत नाही. गोळा भरायला एक माणूस हवा, नेम धरायला दुसरा, रणगाडा हलवायला तिसरा. अधिकाऱ्याने मागे न फिरण्याचं ठरवलं, तरी ते खरं करायला आणखी तिघांचे हात लागतात.

शेवटच्या गोळ्याने खेत्रपाल यांना वीरमरण आलं. सवार नंद सिंग त्याच रणगाड्यात धारातीर्थी पडले. चालक प्रयाग सिंग आणि गनर नाथू सिंग वाचले. खेत्रपाल यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

फॅमागुस्टा पुढे भारतात परत आला. आज तो नगरलाच, आता अहिल्यानगर म्हणतात त्या शहरात, आहे. परमवीर चक्र खेत्रपाल यांचं आहे आणि त्यांचंच राहील. पण शाळेत, सभेत, घरात ही गोष्ट सांगताना चारही नावं घ्या. नंद सिंग, प्रयाग सिंग, नाथू सिंग यांनाही त्या सकाळी एकमेकांचे चेहरे नीट दिसत नव्हते. कानात आलेल्या शब्दावर भरवसा ठेवून तिघेही आपापल्या जागी काम करत राहिले.