निंबोळी अर्क

कडुनिंबाच्या वाळलेल्या बियांपासून घरीच करता येणारे वनस्पतिजन्य कीडनाशक. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या गच्चीवरच्या कुंड्यांपासून शेतापर्यंत ते सारखेच उपयोगी पडते. पावसाळ्याच्या तोंडावर पिकून पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन सावलीत वाळवतात. ५ टक्के अर्कासाठी या बियांची ५ किलो भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून पिळून घेतात व साबणाचा चुरा मिसळून १०० लिटर करतात; कुंड्यांना लिटरमागे ५० ग्रॅम भरड पुरते.

यातील ॲझाडिरॅक्टिन किडीला तत्काळ मारत नाही. तिची खाण्याची इच्छा मरते, अळीला कात टाकता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मावा जिवंत दिसला, तरी धीर सोडू नये. आठवड्याने फवारणी पुन्हा करावी. उन्हात हा घटक लवकर विघटित होतो, त्यामुळे ताजा अर्क संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारणे महत्त्वाचे. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण मेणचट आवरणामुळे दाद देत नाही. तो आधी ओल्या कापसाने पुसून काढावा. पावसाची सर आल्यास फवारा धुऊन जातो.

कडुनिंब बुरशीनाशक म्हणूनही वापरतात; त्या वापरावरील युरोपीय पेटंट भारतीय बाजूच्या आक्षेपानंतर २००० मध्ये रद्द झाले.