स्नो थ्रोअर म्हणजे काय? तो वापरताना बोटं कशी सांभाळायची?

शिकायला किंवा नोकरीला अमेरिका-कॅनडात जायचा विचार असेल, तर हा लेख सेव्ह करून ठेवा. मी मिनियापोलिसला राहायला आलो तेव्हा घरमालकाने पहिल्याच हिवाळ्यात एक मशीन पुढ्यात ठेवलं आणि ड्राइव्हवे साफ करायला सांगितलं. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला आणि चालू केलं. चाललंही मस्त. पण मध्येच बर्फ अडकला तर काय करायचं, ते व्हिडिओत नव्हतं!

मशीनच्या तोंडाशी स्क्रूसारखा आडवा फिरणारा भाग असतो, त्याला ऑगर म्हणतात. सिंगल स्टेज मशीनमध्ये ऑगरच बर्फ ओढतो आणि वरच्या नळकांड्यातून बाहेर फेकतो. टू स्टेजमध्ये ऑगर फक्त आत ओढतो. फेकायचं काम मागचा वेगवान पंखा, म्हणजे इम्पेलर करतो. हा पंखा वरून नीट दिसत नाही, म्हणूनच घात होतो.

तापमान शून्य अंशाच्या आसपास असलं की बर्फ ओला, जड असतो आणि नळकांडं हमखास तुंबतं. मीही ग्लोव्ह घातलेला हात आत घालणार होतो. इंजिन बंदच होतं ना! घरमालक मागून ओरडला म्हणून थांबलो. त्याने लाकडी दांड्याने बर्फ ढोसला, आणि बंद मशीनमधलं पातं खटकन फिरलं. दांड्यावर खोल खाच पडली.

असं का होतं? बर्फाने पातं अडतं, पण पट्ट्यात ताण साठून राहू शकतो. अडथळा निघाला की तो ताण एका झटक्यात सुटतो. आपल्याकडे मळणी यंत्रात हात गेल्याच्या बातम्या येतात, त्यातलाच हा प्रकार. म्हणून इंजिन बंद करा, चावी काढा, सगळं फिरायचं थांबेपर्यंत वाट बघा आणि मग मशीनसोबत मिळणाऱ्या दांड्यानेच बर्फ काढा. हात नाही, पायही नाही. बॅटरीचं मशीन असेल तर आधी बॅटरी बाहेर. काही जण आधीच नळकांड्यात सिलिकॉन स्प्रे मारतात, त्याने बर्फ कमी चिकटतो.

हँडलवरचा लिव्हर सोडला की ऑगरची पॉवर तुटते. हात दुखतो म्हणून तो टेपने बांधून ठेवू नका, प्लीज! पेट्रोलचं मशीन गॅरेजमध्ये चालू करू नका, दार उघडं असलं तरीही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलही बाहेर, इंजिन गार असताना भरा. नळकांड्याचं तोंड माणसं, गाड्या आणि खिडक्यांकडे नको, कारण बर्फासोबत खडेही उडतात. मफलर जॅकेटच्या आत, इअरफोन खिशात. आणि रील नंतर काढा राव.

शेवटचं, शिअर पिन. ऑगरमध्ये दगड अडकला की ही पिन मुद्दाम तुटते, म्हणजे गिअरबॉक्स वाचतो. तिच्या जागी साधा बोल्ट टाकू नका. दोन पिना आधीच आणून ठेवा, कारण दुकानात जायला गाडी काढायची तर आधी ड्राइव्हवे मोकळा असावा लागतो!