तळटीप : एक्स्ट्रॅक्टर
* वैशाली नगरच्या मुक्कामात लेखकाने दुरुस्तीला दिलेली .३१५ रायफल ईशापूरच्या कारखान्याची, ली-एनफिल्डच्या बोल्टवर बेतलेली. ‘एक्स्ट्रॅक्टर’ म्हणजे बोल्टच्या डोक्यातली नखाएवढी आकडी. ती काडतुसाची कडा पकडून पुंगळी बाहेर ओढते. आकडीचे टोक मोडले की बोल्ट मागे येतो, पुंगळी मात्र आतच राहते. मग नळीच्या तोंडातून गज घालून ती हलकेच ढकलावी लागते. आकडी एका बारीक स्क्रूवर बसते. तो काढून आकडी बदलावी, स्प्रिंग ढिली असल्यास तीही. बोल्टचे डोके मात्र दुसऱ्या रायफलीचे कधीही लावू नये. ते त्याच रायफलीच्या मापाला बसवलेले असते. लेखकाने परवानाधारक कारागीर शोधला, हे योग्यच. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. — संपादक