न दिलेला हुकूम

तीस वर्षे मी इतिहास शिकवला. हुकूमशाहीत कला, वृत्तपत्रे आणि राजकारण यांचे काय होते, हा माझ्या अभ्यासाचा विषय. विद्यार्थी जर्मनी-इटलीची उदाहरणे देत. मी त्यांना आपल्याच आणीबाणीकडे वळवीत असे.

२५ जून १९७५ च्या रात्री ती जाहीर झाली आणि लगोलग वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. माहिती व नभोवाणी खाते तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्याच रायपूरच्या विद्याचरण शुक्लांकडे आले. फेब्रुवारी १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था मोडून 'समाचार' ही एकच उभी राहिली. आपल्या खंडव्याच्या किशोरकुमारने सरकारी प्रचाराला साथ दिली नाही, म्हणून त्याच वर्षी त्याची गाणी आकाशवाणीवरून नाहीशी झाली. १९७७ मध्ये नेमलेल्या शहा आयोगापुढे यातले पुष्कळ उघड झाले. अशा हुकमांचे कागद सापडतात.

धैर्याचेही कागद सापडतात. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत लेखनस्वातंत्र्यावर बोलल्या, आजारी जयप्रकाशांसाठी त्यांनी प्रार्थना करविली. पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले.

पण बैहरचे काय? बाबा इथे मास्तर होते. गणेशोत्सवात आमची दहा-बारा मराठी घरे मिळून नाटुकले बसवीत, लिहिणारे बाबाच. १९७५ च्या त्या प्रहसनात राजा मराठीत बोले, विदूषक हिंदीत. ती वही पुढे माझ्या हाती लागली. पानोपानी निळ्या पेन्सिलीच्या रेघा. खुर्चीला चिकटलेल्या राजावरचे बोलणे खोडलेले.

"बाबा, तहसीलीतून कुणी सांगितलं होतं का?"

"कोणी नाही रे. सांगायची वाट कशाला पाहायची? तुम्ही तिघं लहान होता."

मी पुढे काही विचारले नाही. मनात मात्र त्यांची नोंद वाकलेल्यांत करून टाकली. वर्गात सांगत असे, दडपशाहीचे खरे काम न दिलेल्या हुकमाने होते, आणि त्याचा कागद कुठल्याही दप्तरात मिळत नाही. हे सांगताना बाबांचे नाव कधी घेतले नाही.

बाबा गेल्यावर वही पुन्हा नीट वाचली. खोडलेली वाक्ये सारी विदूषकाची होती, हिंदीतली. राजाची मराठी वाक्ये, त्यांतही तीच थट्टा होती, पण ती जशीच्या तशी! पहिल्या रांगेत बसणाऱ्या साहेबांना मराठी कळत नसे. बाबांनी भीती हिंदीत पाळली आणि हसू मराठीत राखले.

हे धैर्य म्हणावे का? दुर्गाबाईंच्या शेजारी ते ठेवता येणार नाही. पण माणसे उभी आणि वाकलेली अशा दोनच रकान्यांत मी भरत आलो, ते चुकले. दोन भाषांत जगणाऱ्या आपल्या घरांतून अशा वह्या अजून असतील. रद्दीत घालण्यापूर्वी त्या एकदा वाचाव्यात, रेघांसकट.