फिरते घर आणि वऱ्हाडची वाट

प्रवासास निघणारा मनुष्य घर मागे ठेवून निघतो, अशी आपणां गृहस्थांची समजूत असते. घरास कुलूप लावावे, किल्ली शेजाऱ्यांस द्यावी आणि परमुलखात धर्मशाळेचा किंवा आप्तांचा आश्रय शोधावा, ही आपली रीत. अमेरिकेतील लोकांनी या रीतीस बगल दिली. मोटारीच्या मागे चाकांचे घरच जोडून ते हिंडू लागले. 1951 साली वॉली बायम नावाच्या गृहस्थाने, जो अशी घरे बांधण्याचाच धंदा करीत असे, साठांहून अधिक कुटुंबांचा काफिला बरोबर घेऊन मेक्सिकोच्या वाटेने मध्य अमेरिकेपर्यंत जाण्याचे साहस केले. रस्ते इतके वाईट निघाले की त्यांतील थोडीच घरे शेवटपर्यंत पोहोचली. या सफरीचे पुढे मोठे कौतुक झाले, आणि ते अयोग्यही नव्हते. तथापि सबंध संसार बरोबर घेऊन परमुलखातून शेकडो मैल जाण्याची विद्या आमच्या वऱ्हाडास त्यापूर्वी निदान तीनशे वर्षे ठाऊक होती. तिचे आचार्य वणजारी अथवा लमाण होत, आणि त्यांचा इतिहास केवळ कौतुकाने संपणारा नाही.

तांडा म्हणजे काय, याची कल्पना सतराव्या शतकातील परदेशी प्रवाशांच्या लेखांवरून चांगली येते. 1632 साली आग्रा-पाटण्याच्या वाटेवर पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्यास धान्याने लादलेल्या 14,000 बैलांचा एक तांडा भेटला. अशा तांड्यात बायकामुले धरून सहाशे-सातशे माणसे असतात, ती सारा संसार बरोबर वागवितात आणि दिवसास सहा-सात मैलांहून अधिक चालत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यानंतर आलेला फ्रेंच जवाहीर तावेर्निये सांगतो की, हे लोक घरांत म्हणून राहतच नाहीत. त्यांचे चार वर्ग असून एक धान्य, दुसरा तांदूळ, तिसरा डाळ आणि चौथा मीठ वाहतो. आणि अरुंद वाटेवर दहा-बारा हजार बैलांचा तांडा समोरून आला, तर तो निघून जाईपर्यंत प्रवाशास दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागते. लमाण हे नावच लवण शब्दावरून आले, असे पुष्कळ विद्वान मानतात.

मंडीच्या आकड्यांचा थोडा हिशेब केला, तर या फिरत्या घराचे अर्थशास्त्र उलगडते. 14,000 बैलांस सातशे माणसे, म्हणजे माणशी वीस बैल; आणि त्या सातशांत लेकरेही आली. इतक्या थोड्या हातांनी एवढा माल कसा हलत असे? याचे उत्तर बैलाच्या पोटात आहे. तांड्याचा बैल गाडीस जुंपलेला नसे; तो पाठाळ होता. पाठीवर दोन्ही अंगांस लोंबणारी गोण टाकली की झाले. तळ पडला की गोणी उतरून त्यांची थप्पी लावावी आणि बैल माळावर मोकळे सोडावेत. चारा फुकट, पाणी फुकट आणि घर बरोबरच असल्यामुळे राहण्याचाही खर्च नाही. चाल मंद ठेवण्याचे कारणही हेच; चरावयास वेळ मिळाला नाही, तर बैल टिकणार कसा? शिवाय पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीत जेथे गाडीचे चाक आसापर्यंत रुतते, तेथे बैलाचे पाऊल तरी निघते. पावसाळ्यात मात्र तांडाही एखाद्या उंचवट्यावर तळ देऊन बसे.

या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की वाटेवरचा माळ आणि पाणवठा कोणी अडविणार नाही. फिरत्या घरास भिंती नसल्या तरी चालतात. परंतु स्थिर गावांचा करार त्यास अवश्य लागतो. या कराराची स्मृती एका प्रसिद्ध दंतकथेत राहिली आहे. वऱ्हाडात अधिकारपदावर असलेल्या कंबरलेज याने ती एकोणिसाव्या शतकात टिपून ठेवली. शाहजहानचा वजीर आसफखान 1630 च्या सुमारास दक्षिणेत विजापूरवर चालून आला, तेव्हा भंगी व जंगी या नायकांचे 1,80,000 बैल त्याच्या फौजेची रसद वाहत होते. चाऱ्यापाण्यावाचून बैल अडून राहू नयेत, म्हणून गावच्या रांजणांतले पाणी व छपरांवरचे गवतसुद्धा घेण्याची सनद वजिराने त्यांस सुवर्णाक्षरांनी लिहून दिली, एवढेच नव्हे तर दिवसाकाठी तीन खूनही माफ केले, अशी ही कथा आहे. आकडे व खून हा दंतकथेचा भाग असो. पण सनदेत मागितले काय, तर पाणी आणि गवत! जमीन नव्हे, वतन नव्हे, जहागीर नव्हे. ज्याचे घर चालते आहे, त्याची गरज एवढीच असते. आणि जो वर्षानुवर्षे एका जागी राहतो, त्यास नेमकी तीच देण्याचे जिवावर येते.

या तांड्यांवाचून फौजांचे चालत नसे. 1803 सालच्या युद्धात आर्थर वेलस्ली असईच्या लढाईनंतर वऱ्हाडात उतरला. 29 नोव्हेंबर रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे त्याने भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला आणि 15 डिसेंबर रोजी चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. या लढायांचे नकाशे आपण शाळेत पाहतो. परंतु वेलस्लीच्या पत्रव्यवहारात तोफांइतकीच चिंता वणजाऱ्यांच्या बैलांची आणि धान्याची आहे, हे नकाशात दिसत नाही. तरवार गाजविणाऱ्यांची नावे इतिहासात राहिली, आणि भाकरी पुरविणाऱ्यांचा उल्लेख ‘रसद’ या एका शब्दात आटोपला.

शांततेच्या काळात तोच बैल कापूस वाही. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे आणि तेथून नावांनी पुढे रवाना होई. ही वाट सुमारे पाचशे मैलांची. मंडीने सांगितलेल्या चालीने ती अडीच महिन्यांची होते. सातपुडा ओलांडून, नर्मदा उतरून, जेथील भाषा, चलन व जकातीची नाकी निराळी अशा मुलखांतून हा संसार जाई. वाटेत लेकरे जन्मत, म्हातारी माणसे मरत, लग्ने लागत. अवकाळी पावसाने गोणी भिजल्या तर कापूस नासे, तोही तोटा नायकाच्या माथी येई. ज्या तरुण लमाणाने मिर्झापूरची वाट पहिल्यानेच धरली असेल, त्याच्या मनाची स्थिती कोणी लिहून ठेवली नाही. तथापि परमुलखाची त्याची भीती बायमच्या सोबत्यांहून कमी असण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

याच कापसाने तांड्याचा घात केला. लँकेशायरच्या गिरण्यांस स्वस्त कापूस हवा होता, आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा प्रवर्तक जॉन चॅपमन याने 1851 साली कापसावर ग्रंथच लिहून लोहमार्गाची निकड पटवून दिली. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवीने तेथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. भुसावळहून शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा मार्ग घेत रेल्वे 1867 साली नागपुरास पोहोचली. व्यापाऱ्यांच्या पेढ्या भरभराटल्या, जिनिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या, अमरावती-अकोल्यात शाळा व वाचनालये निघाली. आम्ही सुशिक्षित म्हणविणारे लोक त्याच भरभराटीची संतती आहोत. परंतु अडीच महिन्यांच्या वाटेचा धनी एका पिढीत निरुद्योगी झाला, याचा जमाखर्च कोणी मांडला नाही.

निरुद्योगाच्या पाठोपाठ कलंक आला. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात झाला, 1911 मध्ये तो सबंध ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्यात आला आणि निरनिराळ्या प्रांतांत लमाणांचे तांडेही त्याच्या कक्षेत आले. ज्याचा ठावठिकाणा नोंदवहीत नाही, तो संशयित, अशी नव्या राज्याची दृष्टी होती. इकडे राखीव जंगलांची हद्द पडली, त्यामुळे चराईही अडली. ज्या पाण्यागवतासाठी पूर्वी सनद मिळे, त्याच्यासाठी आता दंड होऊ लागला. कायदा 1952 साली रद्द झाला. त्याची खूण ‘विमुक्त जाती’ या शब्दात उरली आहे.

तांडे स्थिर झाले ते पुसद, दिग्रस, मानोरा या डोंगराळ भागात, बहुधा हलक्या जमिनीवर. पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेले पोहरादेवी हे त्यांचे तीर्थस्थान 1998 पासून वाशीम जिल्ह्यात मोडते. पुसदजवळच्या गहुली तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक 1963 ते 1975 पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण एका कर्तृत्ववान पुरुषाच्या उदयाने सगळ्या जमातीचे ऋण फिटले, असे मानणे हे आपल्या सोयीचे आहे इतकेच.

कारण फिरते घर संपलेले नाही. मराठवाड्यातील आणि वऱ्हाडच्या दक्षिण अंगच्या अनेक तांड्यांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीस निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या ट्रॉलीत भांडी, पांघरुणे, शेळी, म्हातारी आणि शाळेत नाव घातलेली पोरे बसतात, आणि कारखान्याच्या रानात कोपी उभारून पाच-सहा महिने संसार मांडला जातो. यंत्रामागे जोडलेले घर ते हेच. फरक एवढाच की अमेरिकेतील प्रवासी हौसेने निघाला होता, जुना लमाण आपल्या बैलांचा मालक होता, आणि हा उचलीने बांधलेला आहे. साखर आपल्या घरी येते. तिच्या वाटेवर कोपीस पाणी आहे की नाही आणि पोराची शाळा कोठे सुटली, ही चौकशी करणे हे त्या जुन्या कराराचे आपल्या वाटणीचे कलम होय. तांड्याने आपले कलम तीनशे वर्षे पाळले.